विनानांगरणीच्या शेतात बेवड कसा राखायचा

आधी कोणतं पीक होतं यावर पुढचं पीक कसं येणार हे बरंचसं ठरतं. यालाच आपण बेवड म्हणतो. द्विदलाचा बेवड चांगला, मक्यावर मका घेतला की रान थकतं, हे शेती करणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण बेवड म्हणून जमिनीत नेमकं काय मागं उरतं? थोडं नत्र, थोडी ओल, कुजलेल्या मुळांच्या पोकळ वाटा, आणि त्या पिकानं हंगामभर पोसलेले जिवाणू, बुरशी व सूत्रकृमी. प्रत्येक पीक मुळांतून साखर, सेंद्रिय आम्लं आणि अमिनो आम्लं पाझरत असतं. त्यांचं मिश्रण पिकागणिक वेगळं, म्हणून मुळाभोवतीच्या दोन-चार मिलिमीटर मातीत जमणारा गोतावळाही वेगळा. पीक निघालं तरी हा गोतावळा लगेच पांगत नाही.

नांगरलेल्या रानात ही सगळी शिल्लक दरवर्षी ढवळली जाते. बुरशीचे धागे तुटतात, मुळांच्या वाटा मोडतात, रोगट धसकटं खोल गाडली जातात. नांगर बंद केला की शिल्लक जागच्या जागी राहते. त्यात चांगलं असेल तर चांगलं साठतं, रोग असेल तर रोग साठतो. म्हणून नांगरणी सोडणाऱ्यानं फेरपालट आधीपेक्षा जास्त काटेकोर आखली पाहिजे. नांगर बंद करून तेच पीक तिथंच घेत राहणं हा या पद्धतीतला सगळ्यात महागात पडणारा घोटाळा आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वूस्टर इथं १९६२ पासून आणि हॉइटव्हिल इथं १९६३ पासून नांगरणी आणि फेरपालट यांचे प्रयोग शेजारी-शेजारी चालू आहेत. हॉइटव्हिलच्या चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत विनानांगरणीचा सलग मका मागं पडला. त्याच जमिनीत फेरपालट केल्यावर तूट बरीच भरून निघाली. २०१४ मध्ये १२२ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. एकाच पिकाच्या जागी फेरपालट आणल्यावर मातीतला एकूण कर्ब सरासरी ३.६ टक्क्यांनीच वाढला होता, पण जिवाणू-बुरशींच्या शरीरात असलेला कर्ब २०.७ टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे सूक्ष्मजीव आधी हलतात, सेंद्रिय कर्ब मागून सावकाश येतो. माती परीक्षणाच्या कागदावर दोन वर्षांत सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसला नाही म्हणून घाईनं पुन्हा नांगर घालू नका.

सुरुवात फावड्यानं करा

फेरपालटीचा तक्ता कागदावर मांडण्याआधी रान वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडं, असताना चार-पाच ठिकाणी २० सेंमी लांब, २० सेंमी रुंद आणि तेवढाच खोल चौकोनी ढेप काढा. ढेप हातानं हळूहळू फोडा आणि चार गोष्टी बघा.

वास: निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा असतो आणि स्ट्रेप्टोमायसीससारखे जिवाणू ते तयार करतात. आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खाली हवा जात नाही, पाणी तुंबतं आहे. तिथं आधी निचऱ्याचं बघावं लागेल. फेरपालटीनं तुंबलेलं पाणी हटत नाही.

मुळं: जिवंत मूळ उचलून हलकं झटका. माती झगा घातल्यासारखी मुळाला चिकटून राहिली तर मुळाचा चिकट पाझर, बारीक केसमुळं आणि बुरशीचे धागे कामाला लागलेले आहेत. मूळ धुतल्यासारखं स्वच्छ, पांढरं निघालं तर त्या पिकाला जमिनीतून साथ कमी मिळते आहे. मूळ एका ठरावीक खोलीवर काटकोनात वळलं असेल तर तिथं जुना नांगरतळ, म्हणजे नांगराखाली दबून कडक झालेला थर, आहे.

गांडुळं: ओल पुरेशी असताना या आकाराच्या ढेपेत चार-पाच किंवा जास्त सापडली तर ठीक. कोरड्या किंवा गोठलेल्या मातीत मोजू नका, तेव्हा ती खाली गेलेली असतात.

थर: वरची ५ सेंमी माती काळसर, रवाळ आणि खालची फिकट, ढेकळी, हे चित्र विनानांगरणीत हमखास दिसतं. अवशेष वरच पडतात, खत वरच पडतं, त्यामुळं सूक्ष्मजीवही वरच गोळा होतात. म्हणून परीक्षणाचे नमुने ० ते ५ सेंमी आणि ५ ते १५ सेंमी असे वेगळे घ्या. एकत्र केले तर एक मोठी गोष्ट लपून जाते: दरवर्षी वरून टाकलेल्या अमोनियायुक्त नत्रामुळं वरचा पातळ थर आम्ल होत जातो आणि सरासरीत तो दिसतच नाही. सामू (मातीच्या आम्लतेचं माप, पीएच) ५.५ च्या खाली गेला की मुळांवर गाठी धरणारे जिवाणू दुबळे पडतात. मग द्विदल पेरूनही हवं ते मिळत नाही.

काडाचा हिशोब

फेरपालटीत पिकांचा क्रम लावताना कर्ब-नत्राचं गुणोत्तर डोक्यात असलं पाहिजे. सूक्ष्मजीवांच्या शरीरात ८ भाग कर्बाला १ भाग नत्र असतं. खाल्लेल्या कर्बातला बराचसा श्वासावाटे उडून जातो, म्हणून त्यांना साधारण २४ ला १ या प्रमाणाचं खाणं बरोबर बसतं. गव्हाचं काड ८० ला १, मक्याची ताटं ५७ ला १, फुलोऱ्यातली राय (गव्हासारखं तृणधान्य, मोहरी नव्हे) ३७ ला १, वाटाण्याचं भुसकट २९ ला १, कोवळं व्हेच (वेलीसारखं वाढणारं चाऱ्याचं द्विदल) ११ ला १.

हेक्टरी ५ टन गव्हाचं काड रानावर पडलं असं धरा. त्यात ४० टक्के कर्ब, म्हणजे २,००० किलो, आणि नत्र फक्त २५ किलो. सूक्ष्मजीवांनी यातला तिसरा हिस्सा, सुमारे ६६० किलो, शरीर बांधायला वापरला तर त्यांना ८० किलोंच्या वर नत्र लागेल. काडातलं २५ गेलं, उरलेलं ५५ ते ६० किलो ते मातीतून उचलणार. पुढच्या पिकाची रोपं पिवळी पडतात ती याच ओढाताणीत. आता ३ टन वाळलेलं व्हेच घ्या: कर्ब १,२०० किलो, नत्र सुमारे ११० किलो, सूक्ष्मजीवांची गरज ५० किलो. साठ किलोंच्या आसपास पुढच्या पिकाच्या वाट्याला मोकळं.

हा कागदावरचा हिशोब आहे, तो एका आठवड्यात घडत नाही. विनानांगरणीत तर काड वर पडलेलं असतं, मातीला टेकलेलं थोडं, उन्हानं वाळलेलं, त्यामुळं नत्राची ओढ कमी पण लांबलेली असते. इथं बुरशीचं खरं काम दिसतं. जिवाणूला जिथं ओल आणि अन्न मिळेल तिथंच राहावं लागतं. बुरशीचा धागा मात्र एक टोक मातीत आणि एक काडात ठेवतो, खालून नत्र वर नेतो आणि वरचा कर्ब खाली आणतो. नांगरणी थांबली की बुरशीचं प्रमाण वाढतं ते यामुळंही. काडाचा थर उचलून बघा: मातीला टेकलेल्या बाजूला पांढरं जाळं दिसलं तर कुजण्याचं काम चालू आहे.

यातून क्रमाचा नियम निघतो. जड काडाच्या पिकामागं नत्राची भूक असलेलं तृणधान्य लावू नका, द्विदल लावा. द्विदल आपलं नत्र हवेतून घेतं, त्याला काडाची ओढ फारशी जाणवत नाही. द्विदलामागं तृणधान्य लावा. नाइलाजानं काडावर तृणधान्य आलंच तर पेरणीबरोबर हेक्टरी ३० ते ५० किलो नत्र बियाण्याच्या ५ सेंमी बाजूला आणि ५ सेंमी खाली, पट्ट्यात द्या. वरून फेकलेला युरिया काडावरच अडकतो आणि त्यातला बराच अमोनिया होऊन उडून जातो. काडाला चिकटलेलं युरिएज विकर ही क्रिया आणखी वेगानं घडवतं.

उलट चूकही होते. द्विदल, मग पुन्हा द्विदल, मग भाजीपाला असा हलक्या अवशेषांचा क्रम लावला तर दोन महिन्यांत रान उघडं पडतं, आच्छादन उरत नाही आणि विनानांगरणीचा अर्थच जातो. चार वर्षांत निदान दोन पिकं तरी जड काडाची असू द्या.

मायकोरायझा: सगळ्यात दुर्लक्षित धागा

आर्बस्क्युलर मायकोरायझा ही बुरशी पिकाच्या मुळात शिरून राहते आणि तिचे धागे मुळापासून काही सेंमी दूरपर्यंत पसरतात. स्फुरद आणि जस्त मातीत जागचे हलत नाहीत. मुळाजवळचा साठा संपला की पीक अडतं, तिथं हे धागे पुढं जाऊन स्फुरद आणून देतात. बदल्यात साखर घेतात. ही बुरशी झाडाशिवाय वाढू शकत नाही, म्हणून फेरपालटीत कोणतं पीक येतं यावर तिचं सगळं अवलंबून आहे.

मका, ज्वारी, सोयाबीन, हरभरा, सूर्यफूल, जवस, ओट, कांदा ही पिकं तिला पोसतात. मोहरी, कोबी, मुळा हे मोहरीकुळ, बीट, पालक, राजगिरा यांचं कुळ आणि ल्युपिन हे द्विदल, ही पिकं तिला जवळजवळ थारा देत नाहीत. रान बराच काळ पडीक ठेवलं तरी तिची उपासमार होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या धान्यपट्ट्यात लांब पडीक काळानंतर जवस आणि मका खुरटे राहत, स्फुरद आणि जस्ताची कमतरता दिसे, तिथं हे कारण १९८० च्या दशकात स्पष्ट झालं.

विनानांगरणीत या बुरशीचा एक मोठा फायदा मिळतो. मागच्या पिकाचं जाळं न तुटता तसंच राहतं आणि नवं रोप उगवल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्याला जोडलं जातं. कॅनडातल्या ओंटारिओत मक्यावर झालेल्या कामात न ढवळलेल्या मातीतल्या रोपांनी सुरुवातीला जास्त स्फुरद उचललेलं दिसलं. पण मधे मोहरी आली तर जोडायला जाळंच उरत नाही. मग मक्याची तीन-चार पानांची रोपं जांभळी पडतात आणि माती परीक्षणात स्फुरद पुरेसा असूनही असं का, हे कळत नाही.

करायचं काय? मोहरीकुळातल्या पिकानंतर मका, जवस, कांदा असं बुरशीवर विसंबणारं पीक थेट लावू नका. मधे ओट किंवा एखादं द्विदल, किंवा निदान सहा ते आठ आठवड्यांचं मिश्र आच्छादन पीक, म्हणजे विकायला नव्हे तर रान झाकायला पेरलेलं पीक, घ्या. आच्छादनाच्या मिश्रणात मुळा असेल तर त्याचा वाटा कमी ठेवा, बाकी सगळं ओट आणि व्हेच. स्फुरदाचा डोस माती परीक्षणानुसारच द्या. भरमसाठ स्फुरद दिला की पीक बुरशीला साखर देणं कमी करतं आणि पैसे देऊन आपणच ही साथ तोडतो.

मोहरीबद्दल आणखी एक. तिच्या पेशी फुटल्यावर निघणारी आयसोथायोसायनेट द्रव्यं रोगकारक बुरशी मारतात, म्हणून तिला जैविक धुरी म्हणतात. पण त्यासाठी हिरवं पीक बारीक कुटून लगेच ओल्या मातीत गाडावं लागतं. विनानांगरणीत उभं पीक तणनाशकानं किंवा रोलरनं (पीक चिरडून झोपवणाऱ्या जड रुळानं) मारून वर ठेवलं तर ती वाफ हवेत जाते. मोहरीची खोल सोटमुळं कामाची आहेत, तेवढ्यासाठी ती जरूर घ्या. धुरीची अपेक्षा ठेवू नका.

द्विदल पेरलं म्हणजे नत्र मिळालं असं नाही

द्विदलांच्या प्रत्येक गटाचा गाठी धरणारा जिवाणू वेगळा असतो. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम, वाटाणा, मसूर, व्हेच आणि बाकल्याला रायझोबियम लेग्युमिनोसारम, लसूणघासाला सायनोरायझोबियम. चवळी, मूग, तूर, भुईमूग यांना चवळी गटातले ब्रॅडीरायझोबियम चालतात. रानात ते पीक पहिल्यांदाच येत असेल किंवा चार-पाच वर्षांत आलं नसेल तर बीजप्रक्रिया करा, म्हणजे बियाण्याला त्या जिवाणूंचं संवर्धक लावा.

पावडरीतलं संवर्धक असेल तर किलोभर बियाण्याला साधारण २५ ग्रॅम, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच. गुळाच्या पातळ, पूर्ण गार झालेल्या पाण्यात कालवून बियाण्यावर हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी ते लावून वाळवा, संवर्धक शेवटी. घाईत दोन्ही एकाच भांड्यात कालवले की जिवाणू तिथंच मरतात. पाकीट उन्हात, गाडीच्या टपावर ठेवलं तरी तेच.

पेरणीनंतर चार ते सहा आठवड्यांनी रोपं फावड्यानं खणून काढा, उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच गळून राहतात. मूळ पाण्यात बुडवून सैल करा आणि मोठी गाठ नखानं उभी कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर लेगहिमोग्लोबिन आहे, नत्र बांधलं जातं आहे. आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम नाही. गाठीच नसतील तर संवर्धक मेलेलं, सामू कमी किंवा मातीत आधीच नत्र जास्त, यांपैकी एक कारण शोधा.

दाण्यासाठी घेतलेलं द्विदल बांधलेल्या नत्रातला मोठा वाटा दाण्याबरोबर शेताबाहेर नेतं. भरघोस सोयाबीननंतर जमिनीतली नत्राची शिल्लक कित्येकदा शून्य किंवा उणे असते. तरीही त्यामागचं तृणधान्य चांगलं येतं. काड हलकं, रोगाची साखळी तुटलेली, मुळाभोवतीचा गोतावळा बदललेला, असा सगळ्यांचा तो एकत्र परिणाम असतो. नत्र खरंच साठवायचं असेल तर दाणा न धरू देता फुलोऱ्यातच झोपवलेलं व्हेच किंवा चवळीसारखं आच्छादन घ्यावं लागतं.

रोग कुठं साठतो

नुसतं पीक बदललं म्हणून फेरपालट होत नाही, रोगाचं यजमान बदललं पाहिजे. गव्हाच्या ओंब्या पांढऱ्या-गुलाबी करणारी फ्युजॅरियम ग्रॅमिनिॲरम ही बुरशी मक्याच्या धसकटांवर मजेत जगते आणि तिथूनच तिचे बीजाणू गव्हाच्या फुलोऱ्यावर उडतात. मका-गहू-मका हा क्रम कागदावर फेरपालट दिसतो, या बुरशीला मात्र ते एकच पीक आहे. विनानांगरणीत धसकटं वर राहतात, म्हणून धोका वाढतो. मक्यानंतर निदान एक हंगाम रुंदपानी पीक आणि मगच गहू. या बुरशीचं विष दाण्यात उतरतं, त्यामुळं नुकसान नुसत्या उताऱ्याचं नसतं.

गव्हावर गहू घेतला की पानावरचे तांबूस-पिवळे ठिपके, म्हणजे टॅन स्पॉट, काडावरूनच नव्या पिकावर चढतात. मुळं काळी करणारा टेक-ऑल हा रोग मात्र एका वर्षाच्या खंडानं बराच मोडतो. त्याची बुरशी मेलेल्या काडावर इतर बुरशींशी स्पर्धेत टिकत नाही. ओट इथं उपयोगी: त्याच्या मुळांत ॲव्हेनासिन नावाचं द्रव्य असतं आणि गव्हावरची ही बुरशी त्यापुढं चालत नाही.

याच रोगात एक उलटं उदाहरण आहे. सलग गहू घेत राहिलं तर पहिली काही वर्षं टेक-ऑल वाढतो, मग साधारण चार ते सहा वर्षांनी आपोआप ओसरतो. रोगट मुळांवर स्युडोमोनास जिवाणूंची संख्या वाढते आणि त्यांनी तयार केलेलं प्रतिजैविक त्या बुरशीला दाबतं. फेरपालट केली की हे संरक्षणही विस्कटतं. म्हणून सलग गहू घ्यावा असं आम्ही सुचवत नाही, मधल्या वाईट वर्षांची किंमत फार असते आणि बाकीचे रोग ओसरत नाहीत. पण ज्या रानात रोग आधीच ओसरलेला आहे तिथं एकाच वर्षासाठी दुसरं पीक घालून परत गव्हावर येणं हा वाईट मधला मार्ग ठरतो. बदलायचं तर पूर्ण, चार वर्षांचं चक्र बदला.

काही रोगांपुढं फेरपालट तोकडी पडते. रायझोक्टोनिया या मुळं कुजवणाऱ्या बुरशीचे ठिगळासारखे खुरटे पट्टे विनानांगरणीत वाढतात आणि त्याचे यजमान इतके की पीक बदलून फारसं साधत नाही. तिथं हिरवा पूल, म्हणजे दोन पिकांच्या मधल्या काळात रोग जगवणारी हिरवळ, तोडावा लागतो. आधीच्या पिकाची पडून उगवलेली रोपं आणि तण पेरणीच्या आदल्या दिवशी मारली तर मरणाऱ्या मुळांवर बुरशी फोफावते आणि लगेच उगवणाऱ्या रोपांवर तुटून पडते. मारणं आणि पेरणं यांत दोन ते तीन आठवडे अंतर ठेवा. वाटाण्याच्या ॲफॅनोमायसीस मूळकुजीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तो रोग असलेल्या रानात चार वर्षांचा खंड पुरत नाही, सहा ते आठ वर्षं वाटाणा आणि मसूर दोन्ही टाळा. बाकला चालेल.

पांढरी बुरशी, म्हणजे स्क्लेरोटिनिया, सोयाबीन, सूर्यफूल, मोहरी, घेवडा सगळ्यांवर येते. रुंदपानी पिकं पाठोपाठ लावू नका ती यासाठी. पण हिच्या बाबतीत विनानांगरणी मदतीला येते: काळे, उंदराच्या लेंडीसारखे स्क्लेरोशिया वरच राहिले की मातीतल्या दुसऱ्या बुरशी त्यांना खाऊन टाकतात. गाडले तर ते जास्त वर्षं टिकतात. एकदा रोग आला म्हणून घाबरून नांगर घालणं इथं उलटंच पडतं.

एक चालणारा क्रम

पहिलं वर्ष मका. काढणीनंतर लगेच राय, हेक्टरी ६० ते ८० किलो. दुसरं वर्ष सोयाबीन, रायच्या आच्छादनात. तिसरं वर्ष गहू. गव्हानंतर ओट ५० ते ६० किलो आणि व्हेच २० ते २५ किलो हेक्टरी, असं मिश्रण. चौथं वर्ष सूर्यफूल, आणि त्यानंतर पुन्हा मक्याआधी व्हेच किंवा दुसरं द्विदल आच्छादन. मका आणि गहू यांच्यात सोयाबीन आहे, सोयाबीन आणि सूर्यफूल यांच्यात गहू आहे, मक्याआधीची दोन्ही पिकं मायकोरायझा पोसणारी आहेत. तुमच्या हवामानात यातलं पीक येत नसेल तर क्रमात तेच काम करणारं दुसरं घाला. मक्याच्या जागी ज्वारी बसते, आणि ज्वारीच्या मुळांतून पाझरणारं सॉर्गोलिऑन अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतं, ही जमेची बाजू. गव्हाच्या जागी बार्ली बसते. सूर्यफुलाच्या जागी जवस बसतो. क्रम मात्र मोडू नका.

राय नेहमी सोयाबीनआधी घ्या, मक्याआधी घेतलीच तर मका पेरण्याच्या दहा ते चौदा दिवस आधी मारा. मरणाऱ्या रायच्या मुळांवर पिथियम हा मुळं कुजवणारा रोगजंतू वाढतो आणि तो मक्याच्या कोवळ्या मुळांवर येतो, वर नत्राची ओढ असतेच. सोयाबीनला हा त्रास क्वचित होतो. रोलरनं झोपवायची असेल तर रायचे परागकोश बाहेर लटकू लागल्यावर, व्हेच पूर्ण फुलोऱ्यात आल्यावर. आधी रोलर फिरवला की ती पुन्हा उभी राहतात.

पेरणीच्या दिवशी

काढणी यंत्रामागं काड एका पट्ट्यात पडलं असेल तर त्या पट्ट्यात पुढचे आठ महिने वेगळीच जमीन तयार होते: थंड, ओली, नत्र कमी, गोगलगायी जास्त. म्हणून काड पसरवणं काढणीच्याच दिवशी, यंत्राच्या पूर्ण रुंदीवर व्हायला हवं. धसकटं २० ते ३० सेंमी उभी ठेवा. उभं काड लवकर अडकत नाही आणि हवा खेळती राहते.

पेरणी सकाळी दव असताना करू नका. ओलं काड पेरणीयंत्राच्या तव्याच्या (काड कापणाऱ्या गोल चकतीच्या) दाबानं कापलं जात नाही, दुमडून चरीत ढकललं जातं आणि बी त्या घडीत पडतं. मातीचा स्पर्श नाही, कुजणाऱ्या काडाची आम्लं आणि बुरशी मात्र अगदी टेकलेली. दहा-पंधरा मीटर पेरून थांबा, चर बोटांनी उघडा. बियाखाली काडाची घडी दिसली तर उन्हं चढेपर्यंत वाट बघा, किंवा पुढं ओळ साफ करणारी चाकं लावा. ती काड फक्त बाजूला सारतात, माती उकरत असतील तर वर उचला. चर बंद झाली नसेल तर मागच्या चाकांचा दाब वाढवा. उघडी चर वाळली की बियाण्यावरचे जिवाणू मरतात.

फरक पडतोय का, हे कापडानं बघा

प्रयोगशाळेत मातीचा श्वास म्हणजे २४ तासांत सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोजून मिळतो, डीएनए वाचून जातीही कळतात. नमुना पाठवायचाच असेल तर १५ ते २० ठिकाणची माती एकत्र करा, वाळवू नका, थंड ठेवा आणि दरवर्षी त्याच पिकाच्या त्याच अवस्थेत घ्या. पेरणीच्या वेळी घेतलेला आणि काढणीनंतर घेतलेला आकडा एकमेकांशी जुळवण्यात अर्थ नाही. ऋतूचाच फरक मोठा असतो.

पण घरच्या घरी रान वाचायला सुती कापड पुरतं. पॉलिस्टरचा धागा नसलेलं, धुऊन खळ काढलेलं पांढरं कापड घ्या, ३० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद पट्टी फाडा. फावडं सरळ खाली घालून चीर पाडा आणि पट्टी त्यात उभी सरकवा, वरचं टोक जमिनीच्या पातळीला. पायानं चीर दाबून बंद करा, खुंटी ठोका. रानाच्या प्रत्येक भागात चार तरी पट्ट्या, आणि सगळ्या एकाच दिवशी. सहा ते आठ आठवड्यांनी बाजूनं माती काढून पट्टी अलगद बाहेर घ्या, ओढू नका.

विनानांगरणीच्या रानात वरचे पाच-सात सेंमी कापड चाळणी झालेलं असतं, कधी नुसते आडवे-उभे धागे उरतात. त्याखाली तपकिरी, काळे, गुलाबी डाग दिसतात, त्या वेगवेगळ्या बुरशी आणि जिवाणूंच्या वसाहती आहेत. आणखी खाली कापड जवळजवळ कोरं. कापड कुठवर खाल्लं गेलं ती खोली मोजून लिहून ठेवा. पुढच्या फेरीत तीच खोली वाढली पाहिजे. पंधरा सेंमीखाली दोन वर्षं कापड कोरंच निघत असेल तर वरून आणखी काड किंवा शेणखत टाकून उपयोग नाही, तिथं कर्ब नेणारं मूळ हवं. पुढच्या चक्रात चौथ्या वर्षी सूर्यफुलाआधीच्या मिश्रणात थोडा मुळा घाला, किंवा जागा असेल तर दोन वर्षं लसूणघास धरा आणि तो मोडल्यावर त्याच ठिकाणी नवी पट्टी पुरा.